गोळी थांबवण्यासाठीही चिठ्ठी हवी

गणपतीला गावी निघालेल्या गाड्या वाशी, नेरुळ, पनवेलहून भरभरून सुटतात. पिशवीत पूजेचे सामान, नवे कपडे, मोबाइलचा चार्जर असे सगळे असते. घरी राहते ती कपाटातली औषधाची पट्टी. रक्तदाबाची गोळी गावातल्या दुकानात मिळून जाते. मनाच्या आजाराची गोळी तिथे मिळेलच असे नाही, आणि ती चारचौघांत मागण्याचा संकोच वेगळाच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोके हलके वाटू लागते. मान वळवली की डोक्यात विजेचा बारीक झटका बसल्यासारखे होते. रात्री चित्रविचित्र स्वप्ने पडतात, चिडचिड वाढते, एका जागी बसवत नाही. घरचे म्हणतात, ‘प्रवासाचा शीण आहे.’ रुग्णाला वाटते, ‘आजार उलटला.’ अनेकदा दोघांचाही अंदाज चुकलेला असतो. ज्या औषधाशी मेंदूने जुळवून घेतले होते, ते अचानक बंद झाल्याची ती प्रतिक्रिया असते.

नवी मुंबईसारख्या शहरात ही वेळ येण्याची शक्यता जास्त. हे शहरच बाहेरून आलेल्या माणसांचे आहे. बाजार समितीतला माथाडी साताऱ्याचा किंवा सांगलीचा, ऐरोली-महापेच्या कंपनीतला तरुण विदर्भातला किंवा परराज्यातला. डॉक्टर एका ठिकाणी, औषधाचे दुकान दुसरीकडे, घरचे तिसरीकडे. नोकरी बदलली की विमा बदलतो, घर बदलले की डॉक्टर बदलतो. त्यामुळे औषध थांबते ते पुष्कळदा ठरवून नव्हे, तर सुटून जाते. कधी बरे वाटू लागले म्हणून, कधी वजन वाढले म्हणून, कधी महिनाअखेरीस पैसे उरले नाहीत म्हणून. लग्नाची बोलणी सुरू झाली की गोळ्या लपवल्या जातात आणि लपवता लपवता बंद होतात. गर्भ राहिल्याचे कळताच अनेक स्त्रिया त्याच दिवशी सगळी औषधे टाकून देतात. गोळी सुरू करताना निदान एक चिठ्ठी तरी असते. थांबवताना ना चिठ्ठी, ना तारीख, ना कोणाचा सल्ला.

एक गोष्ट आधीच स्पष्ट हवी. आपल्याकडचा मोठा प्रश्न अजूनही उपचार न मिळण्याचाच आहे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यानुसार प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता, आणि वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. या औषधांनी असंख्य माणसे पुन्हा कामाला लागली, घरात परतली, जिवंत राहिली. म्हणून औषध सोडतानाच्या त्रासाविषयी बोलणे म्हणजे औषधाविरुद्ध बोलणे नव्हे. उलट, हा त्रास समजून न घेतल्यामुळेच रुग्णाचा औषधावरचा आणि डॉक्टरवरचा विश्वास उडतो.

तगमग एक, कारणे तीन

‘जीव कासावीस होतो’, ‘आतून घालमेल होते’, ‘पाय स्वस्थ बसू देत नाहीत’, असे रुग्ण सांगतो तेव्हा त्यामागे तीन वेगळी कारणे असू शकतात. तिन्हींवरचा उपाय वेगळा, म्हणून फरक ओळखणे महत्त्वाचे.

पहिले कारण औषध सुटल्याचे. यात लक्षणे सहसा मात्रा कमी केल्यापासून काही दिवसांत दिसू लागतात. चक्कर, मळमळ, डोक्यातले झटके, घाम, झोपमोड, उगाच येणारे रडू अशी काही लक्षणे तर मूळ आजारात कधीच नव्हती, अशी असतात. औषध पुन्हा सुरू केले की त्रास बहुधा लवकर ओसरतो. दुसरे कारण मूळ आजार परतण्याचे. तो साधारणपणे हळूहळू, काही आठवड्यांत किंवा महिन्यांत डोके वर काढतो आणि त्याचा चेहरा ओळखीचा असतो: तीच निराशा, तीच भीती, तेच पहाटे जाग येणे.

तिसऱ्या कारणाला वैद्यकात ‘अकॅथिसिया’ म्हणतात. प्रागमधील मेंदूविकारतज्ज्ञ लादिस्लाव हाश्कोवेक यांनी १९०१ मध्ये हे नाव दिले. ग्रीक भाषेतून घेतलेल्या या शब्दाचा अर्थ ‘बसता न येणे’. रुग्ण सतत येरझाऱ्या घालतो, उभ्या उभ्या वजन या पायावरून त्या पायावर टाकतो, आणि आत असह्य अस्वस्थता असते. तीव्र मानसिक आजारांवरच्या काही औषधांची मात्रा सुरू करताना किंवा वाढवताना हा त्रास होतो, क्वचित ती कमी करतानाही होतो. घरच्यांना तो आजाराचाच भाग वाटतो आणि ‘डोस वाढवून द्या’ असा आग्रह धरला जातो. खरे तर तेव्हा नेमके उलटे करावे लागू शकते. अकॅथिसियावर उपचार आहेत; मात्र त्यासाठी ‘बेचैन आहे’ एवढे सांगून भागत नाही. ती कधी सुरू झाली, त्याआधी कोणती गोळी बदलली, हे डॉक्टरांना कळावे लागते.

आणखी एक गैरसमज व्यसनाचा. ‘गोळी सोडली की त्रास होतो, म्हणजे व्यसन लागले’ असे सर्रास म्हटले जाते. नैराश्यावरच्या गोळ्यांची तलफ येत नाही, माणूस त्यासाठी मात्रा चढवत नेत नाही. शरीराने औषधाशी जुळवून घेणे आणि व्यसन लागणे या निराळ्या गोष्टी आहेत. झोपेच्या आणि चिंता कमी करणाऱ्या काही गोळ्यांबाबत मात्र, दीर्घकाळ घेत राहिल्यास, दोन्हींचा धोका असतो.

शेवटची पायरी सर्वांत उंच

‘आधी अर्धी करा, मग पाव, मग एक दिवसाआड आणि मग बंद’ ही आपल्याकडची रूढ रीत. हिशेबाला ती सोपी आहे, पण मेंदूचा हिशेब असा चालत नाही. मार्क हॉरोविट्झ आणि डेव्हिड टेलर या संशोधकांनी २०१९ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’ या नियतकालिकात यामागचे कारण मांडले. सिटालोप्राम हे नैराश्यावरचे औषध घ्या. मेंदूतल्या ज्या वाहकावर ते काम करते, त्यापैकी सुमारे ८६ टक्के वाहक ४० मिलिग्रॅमच्या मात्रेने व्यापले जातात. मात्रा निम्मी, म्हणजे २० मिलिग्रॅम केली तरी हे प्रमाण ८० टक्क्यांपर्यंतच उतरते. नऊ मिलिग्रॅमला ते ७० टक्के असते, आणि पाच मिलिग्रॅमच्या आसपासही जवळजवळ ६० टक्के.

म्हणजे ४० वरून २० वर येताना मेंदूला जेमतेम पाच-सहा टक्क्यांचा फरक जाणवतो. पण शेवटच्या पाच मिलिग्रॅमवरून शून्यावर येताना तो एकदम साठ टक्क्यांनी खाली येतो. जिना उतरताना वरच्या पायऱ्या बोटभर उंचीच्या आणि शेवटची पुरुषभर उंचीची, असा हा प्रकार. सुरुवातीला काहीच त्रास झाला नाही म्हणून निर्धास्त झालेला माणूस शेवटी कोलमडतो तो यामुळे. म्हणून दर वेळी ठरावीक मिलिग्रॅम कमी न करता उरलेल्या मात्रेच्या काही टक्के कमी करत जावे, आणि शेवटच्या पायऱ्या सर्वांत लहान ठेवाव्यात, असे या संशोधकांचे म्हणणे. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतही टप्प्याटप्प्याने, आधीच्या मात्रेच्या प्रमाणात आणि रुग्णाला सोसेल अशा गतीने कमी करण्याचाच सल्ला आहे.

‘एक दिवसाआड’ या पद्धतीतही खोट आहे. पॅरॉक्सेटिन किंवा व्हेन्लाफॅक्सिनसारखे औषध शरीरातून झपाट्याने बाहेर पडते. ते एक दिवसाआड घेणे म्हणजे दर दोन दिवसांनी मेंदूला वर चढवून खाली ढकलणे. फ्लुओक्सेटिन अनेक आठवडे शरीरात रेंगाळते, त्यामुळे त्याचा त्रास तुलनेने कमी होतो, पण उशिरा दिसू शकतो. एकाला मानवलेली रीत दुसऱ्याला मानवेल असे नाही, ते यामुळेच.

एका गोळीत दोन औषधे

भारतीय बाजारात यात आणखी एक गुंता आहे. नैराश्य आणि चिंतेवरचे एसिटालोप्राम आणि चिंता शमवणारे क्लोनाझेपाम ही दोन औषधे एकाच गोळीत सर्रास मिळतात. सुरुवातीच्या काही आठवड्यांत या जोडीचा उपयोग होतो: पहिले औषध लागू पडेपर्यंत दुसरे तगमग कमी करते. पण तीच गोळी वर्ष-दोन वर्षे चालू राहिली, तर थांबवण्याच्या वेळी अडचण उभी राहते. दोन्ही औषधे कमी करण्याची गती वेगळी असते, आणि गोळी मात्र एकच. ती अचानक बंद केली तर एकाच दिवशी दोन्ही औषधे सुटतात.

क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम, डायझेपाम या गटातली औषधे दीर्घकाळ घेऊन एकाएकी थांबवली तर हातपाय कापणे, झोप पूर्ण उडणे, भ्रम होणे, अगदी झटके येण्यापर्यंत वेळ जाऊ शकते. अमेरिकी औषध प्रशासनाने २०२० मध्ये या गटातील सर्व औषधांवरचा ठळक चौकटीतला इशारा याच कारणासाठी अधिक कडक केला. तिथल्या तज्ज्ञ संघटनांनी २०२५ मध्ये दिलेल्या सूचनांनुसार सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी पाच ते दहा टक्केच घट करण्याचा विचार व्हावा, आणि सहसा दोन आठवड्यांत पंचवीस टक्क्यांहून जास्त घट करू नये.

इतक्या बारीक मात्रा कशा मोजायच्या? आपल्याकडे गोळ्या ठरावीक मापांत येतात, आणि पाव गोळीच्या पुढे सुरी चालत नाही. नेदरलँड्समध्ये यासाठी दिवसागणिक किंचित कमी होत जाणाऱ्या मात्रेच्या, २८ दिवसांच्या पुड्यांच्या पट्ट्या तयार केल्या जातात. तळोजा आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात औषधांचे कारखाने असलेल्या शहराला अशी सोय अशक्य वाटू नये. तूर्त, जोडगोळी सुटी करून देणे, कमी मापाची गोळी किंवा पातळ औषध उपलब्ध आहे का ते पाहणे, एवढे डॉक्टर आणि औषधविक्रेता मिळून नक्की करू शकतात.

किती जणांना, किती त्रास?

यावर गेली काही वर्षे जोरदार वाद सुरू आहे. २०१९ च्या एका आढाव्याने नैराश्यावरचे औषध सोडणाऱ्या निम्म्याहून अधिक लोकांना त्रास होतो असे म्हटले. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त आलेल्या जर्मन संशोधकांच्या मोठ्या विश्लेषणात हा आकडा ३१ टक्के निघाला. पण औषध नसलेली, नुसती दिसायला तशी गोळी थांबवणाऱ्यांपैकीही १७ टक्क्यांनी त्रास सांगितला. हा फरक धरला तर खऱ्या अर्थाने औषध सुटल्याचा त्रास सहा-सात जणांत एकाला होतो, आणि तीव्र त्रास सुमारे तीन टक्क्यांना. २०२५ मध्ये ‘जामा सायकियाट्री’तल्या आढाव्याने तर सरासरी एखादेच लक्षण जास्त दिसते, असा निष्कर्ष काढला. त्यावर लगेच आक्षेप आला: यातल्या बऱ्याच चाचण्यांतले रुग्ण काही आठवडेच औषध घेत होते, मग वर्षानुवर्षे घेणाऱ्यांना हा निष्कर्ष कसा लावणार?

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. बहुतेकांचा त्रास सौम्य असतो आणि तो काही आठवड्यांत जातो. थोड्यांचा त्रास तीव्र असतो आणि महिनोन्‌महिने रेंगाळतो. सरासरीच्या आकड्यात ही थोडी माणसे दिसत नाहीत, पण वाशीच्या दवाखान्यात समोर बसलेला रुग्ण सरासरी नसतो.

थांबवावे की नाही, या प्रश्नालाही एकच उत्तर नाही. ब्रिटनमधल्या १५० दवाखान्यांतून ४७८ रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सर्व जण बरे वाटत असलेले, दीर्घकाळ औषध घेणारे होते. ज्यांचे औषध थांबवले, त्यांतील ५६ टक्के जणांचे नैराश्य वर्षभरात परतले. ज्यांचे चालू ठेवले, त्यांतील ३९ टक्के जणांचे. म्हणजे थांबवण्यात जोखीम निश्चित आहे. पण थांबवलेल्यांपैकी ४४ टक्के जणांना वर्षभर नैराश्याने पुन्हा गाठले नाही, हेही तितकेच खरे. स्किझोफ्रेनिया किंवा द्विध्रुवी आजारात हे गणित अधिक कडक असते. लिथियम एकाएकी थांबवल्यास उन्माद परतण्याचा धोका हळूहळू थांबवण्यापेक्षा बराच जास्त असतो. हे औषध स्वतःच्या मनाने कमी करणे म्हणजे संकटाला बोलावणे.

तगमग वाढते तेव्हा

औषध कमी करताना त्रास वाढला, तर पहिला नियम पुढची पायरी न उतरण्याचा. आहे त्या मात्रेवर थांबावे आणि डॉक्टरांना कळवावे. गरज पडली तर ते एक पायरी वर नेतील. ती हार नव्हे, गती जास्त झाल्याची दुरुस्ती आहे. दुसरा नियम वहीचा. रोजची तारीख, मात्रा, झोपेचे तास आणि त्रास दहापैकी किती, एवढ्या चार नोंदी पुरेत. लाट कधी चढते, कधी ओसरते हे पंधरा दिवसांत दिसू लागते, आणि ‘हे असेच राहणार’ ही भीती कमी होते. डॉक्टरांनाही आजार परतला की औषध सुटल्याचा त्रास आहे, हे ठरवायला याच नोंदी उपयोगी पडतात.

तगमग चढलेली असताना जबरदस्तीने शांत बसण्याचा प्रयत्न ती वाढवतो. चालावे. नेरुळच्या तलावाकाठी, वाशीच्या खाडीकिनारी किंवा सोसायटीच्या आवारात, सोबत कोणी असेल तर उत्तम. चहा-कॉफी कमी करावी, विशेषतः दुपारनंतर. दारू पूर्ण टाळावी. तिच्याने रात्र निघते, पण सकाळी अस्वस्थता दुप्पट होते. झोप लागत नाही म्हणून शेजाऱ्याची किंवा आईची गोळी घेऊ नये. नोकरी सोडणे, लग्न मोडणे असे मोठे निर्णय या काळात पुढे ढकलावेत. मात्रा कमी करण्यासाठी परीक्षेचा, रात्रपाळीचा किंवा घरातल्या दुःखाचा काळ निवडू नये. गावी जाताना दोन आठवड्यांचे जास्तीचे औषध आणि चिठ्ठीचा फोटो जवळ असावा. गर्भवतीने औषध परस्पर बंद न करता त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटावे. काही औषधे बदलावी लागतात, काही चालू ठेवता येतात.

घरच्यांचे काम अवघड आहे, पण साधे आहे. ‘मन घट्ट कर’, ‘लक्ष दुसरीकडे लाव’ हे उपदेश इथे लागू पडत नाहीत, कारण हा त्रास इच्छाशक्तीच्या कमतरतेतून आलेला नसतो. ‘आज किती त्रास आहे? चल, एक फेरी मारून येऊ’ हे जास्त उपयोगी. उरलेल्या गोळ्या घरातल्या एकाने सांभाळाव्यात.

काही खुणा दिसल्यास मात्र वाट पाहू नये: मरणाचे विचार, झटका येणे, भास होणे किंवा भान सुटणे, ताप येऊन अंग ताठरणे, किंवा दोन-तीन रात्री झोप नसूनही अंगात अफाट उत्साह असणे. अशा वेळी थेट रुग्णालय गाठावे. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर ती चोवीस तास, मोफत आणि मराठीतूनही मिळते.

कायद्यात आहे, कागदावर हवे

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये संमत झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. प्रस्तावित उपचार आणि त्याचे माहीत असलेले दुष्परिणाम रुग्णाला सांगितले गेलेच पाहिजेत, असे तो म्हणतो. आवश्यक यादीतली औषधे सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सरकारी रुग्णालयांत मोफत मिळाली पाहिजेत, हेही त्यात आहे. दुसरीकडे, अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम यांसारख्या औषधांची विक्री २०१४ पासून ‘एच-१’ अनुसूचीत आहे. डॉक्टर, रुग्ण, औषध आणि प्रमाण यांची नोंद दुकानदाराने ठेवायची आणि ती तीन वर्षे जपायची असते. म्हणजे औषध हातात पडण्यापर्यंतची वाट कायद्याने आखली आहे. ते हातातून सुटण्याची वाट कोणीच आखलेली नाही.

ती आखायला नवा कायदा लागत नाही. वाशी, नेरुळ, ऐरोलीतली महापालिकेची रुग्णालये, नेरुळ आणि कामोठ्याची वैद्यकीय महाविद्यालये आणि १९०१ पासून चालणारे ठाण्याचे मनोरुग्णालय एवढी व्यवस्था या शहराच्या आसपास आहे. आठवड्यातून एक दिवस फक्त औषध कमी करणाऱ्यांसाठी राखला, परिचारिकेने मधल्या काळात एक फोन केला, आणि चिठ्ठीवर मात्रेच्या शेजारी आणखी दोन ओळी लिहिल्या, तर बरेच साधेल. पहिली ओळ ‘हे औषध किती काळ, आणि फेरविचार कोणत्या तारखेला’ याची. दुसरी ‘स्वतःहून बंद करू नये, थांबवायचे तर असे कमी करू’ याची. पुढच्या भेटीत या दोन ओळी नसतील, तर त्या मागून घेण्याचा हक्क रुग्णाला आहे.